धर्मसुधारणा आणि पंक्तिभेद

कुंभकोणम् शहराला लागूनच असलेल्या दारासुरम् या गावी ऐरावतेश्वराचे शिवमंदिर आहे. बाराव्या शतकात दुसरा राजराज चोळ याने ते उभारले. २००४ मध्ये युनेस्कोने जागतिक वारसास्थळांच्या सूचीत त्याचा समावेश केला. या मंदिराच्या मुख्य गाभाऱ्याच्या भिंतींच्या तळाशी लहान लहान शिल्पपटांची एक रांग दिसते. शैव संतांच्या, म्हणजेच नायन्मारांच्या, चरित्रांतील प्रसंग त्यांत कोरलेले आहेत. त्याच शतकात शेक्किळार यांनी ‘पेरियपुराणम्’ या ग्रंथात या त्रेसष्ट संतांची चरित्रे सांगितली. राजा, ब्राह्मण, कुंभार, कोळी, परीट असे सर्व थरांतील लोक या संतमंडळात आहेत. त्यांतच अस्पृश्य मानल्या गेलेल्या जातीत जन्मलेले नंदनारही आहेत. चिदंबरम् येथील नटराजाच्या दर्शनासाठी ते तळमळत राहिले, आणि अखेर अग्नीतून बाहेर पडून ब्राह्मण मुनीच्या रूपात त्यांनी मंदिरात प्रवेश केला, अशी कथा आहे.

या कथेचा अर्थ दोन प्रकारे लावता येतो. देवाने भक्ताची जात पाहिली नाही, हा एक अर्थ. भक्ताला आत येण्यापूर्वी आपली जात जाळून टाकावी लागली, हा दुसरा. पंढरपूरच्या महाद्वारापाशी चोखोबांची समाधी पाहणाऱ्या मराठी माणसाला हा पेच नव्याने समजावून सांगण्याची आवश्यकता नाही. ईश्वरापुढे सर्व समान असतील, तर ईश्वराच्या घरात बसण्याच्या जागा वेगवेगळ्या का असाव्यात?

ख्रिस्ती धर्मसुधारणेच्या विवेचनाचा आरंभ एका शैव मंदिरापासून करणे काहीसे विसंगत वाटण्याचा संभव आहे. तथापि हे मंदिर ज्या कावेरीच्या त्रिभुज प्रदेशात उभे आहे, त्याच प्रदेशात अठराव्या शतकाच्या आरंभी युरोपातील धर्मसुधारणेची एक शाखा येऊन पोहोचली. त्या वेळी येथे तंजावरच्या भोसल्यांचे, म्हणजे मराठ्यांचे राज्य होते. येथे आल्यावर त्या सुधारणेला नेमका हाच जुना प्रश्न विचारला गेला. त्याचे उत्तर देताना तिची कसोटी लागली, आणि त्या उत्तरावरून तिच्यात फूटही पडली. ही फूट समजून घ्यावयाची, तर प्रथम सुधारणेचा उगम आणि तिचे प्रकार पाहिले पाहिजेत.

धर्मसुधारणा म्हटले, की मार्टिन ल्यूथर आणि १५१७ हे वर्ष आठवते. वस्तुतः हा प्रवाह त्याहून जुना आहे. बाराव्या शतकात फ्रान्समधील लिआँ येथील वाल्डो या व्यापाऱ्याने संपत्तीचा त्याग करून, सामान्य माणसानेही लोकभाषेत धर्मोपदेश करावा असा आग्रह धरला. चौदाव्या शतकात इंग्लंडमध्ये जॉन विक्लिफ यांच्या प्रेरणेने बायबल इंग्रजीत आले. बोहेमियात यान हुस यांनी धर्मपीठाच्या भ्रष्टाचारावर टीका केली, म्हणून १४१५ मध्ये त्यांना जिवंत जाळण्यात आले. ल्यूथर यांच्या पदरी हा सारा वारसा होता. त्यांच्या काळी मुद्रणकलेचा प्रसार झालेला होता आणि सॅक्सनीच्या राजसत्तेने त्यांना संरक्षण दिले, म्हणून जो विचार पूर्वी दडपला गेला तो आता टिकून राहिला. १५२२ मध्ये त्यांनी केलेले नव्या कराराचे जर्मन भाषांतर प्रसिद्ध झाले. देववाणी लॅटिनमधून बाहेर पडून घराघरांत पोहोचली.

यानंतर सुधारणेला अनेक फाटे फुटले. ते लक्षात ठेवण्याचा सोपा मार्ग म्हणजे प्रत्येक पंथाने कोणता प्रश्न मुख्य मानला हे पाहणे. धर्मात अंतिम अधिकार कोणाचा, हा ल्यूथर यांचा प्रश्न होता. शास्त्राचा, पोपचा नव्हे, असे त्यांचे उत्तर होते. झ्यूरिखमध्ये झ्विंग्ली आणि जिनीव्हामध्ये कॅल्व्हिन यांनी याच उत्तरावरून पुढे जाऊन, संपूर्ण नगराचे जीवनच शास्त्रानुसार कसे बांधावे, याचा विचार केला. १५२५ पासून पुढे आलेल्या ॲनाबॅप्टिस्ट पंथाचा प्रश्न निराळा होता. धर्ममंडळीचा सभासद कोण? जन्माने कोणी ख्रिस्ती होत नाही, समजून उमजून जो श्रद्धा स्वीकारतो तोच सभासद, असे त्यांनी म्हटले, आणि त्यापायी कॅथॉलिक व प्रॉटेस्टंट या दोन्ही सत्तांचा छळ सोसला. इंग्लंडमध्ये १५३४ च्या कायद्याने राजाच धर्मसंस्थेचा प्रमुख झाला. तेथे सुधारणेचे स्वरूप प्रथमतः राजकीय होते. रोमच्या धर्मपीठानेही आपली अंतर्गत सुधारणा हाती घेतली. १५४० मध्ये जेझुइट संघाला मान्यता मिळाली आणि १५४५ ते १५६३ या काळात ट्रेंटची धर्मपरिषद भरली. तिला केवळ प्रतिसुधारणा म्हणणे अपुरे ठरेल. शिस्त, शिक्षण आणि धर्मप्रसार या बाबतींत तीही एक सुधारणाच होती.

शंभर-दीडशे वर्षांत प्रॉटेस्टंट पंथांतही कर्मठपणा आला. सिद्धांत शुद्ध राहिले, परंतु जीवन कोरडे झाले, अशी तक्रार ऐकू येऊ लागली. १६७५ मध्ये फिलिप याकोब श्पेनर यांनी एका लहानशा पुस्तकाद्वारे ही तक्रार मांडली. लोकांनी लहान गट करून एकत्र बायबल वाचावे, वादापेक्षा आचरणाला महत्त्व द्यावे, असे त्यांचे सांगणे होते. या चळवळीला ‘पायटिझम’ असे नाव पडले. आपण तिला भक्तिपंथ म्हणू या. श्पेनर यांचे अनुयायी आउगुस्ट हेर्मान फ्रांके यांनी जर्मनीतील हाले या नगरात गरिबांसाठी शाळा आणि अनाथालय काढले. अधिकाराच्या व सभासदत्वाच्या प्रश्नांना तिसऱ्या प्रश्नाची जोड मिळाली. माणसाच्या अंतःकरणात पालट झाला आहे काय?

श्पेनर यांचे पुस्तक फ्रँकफुर्टमध्ये प्रसिद्ध झाले त्याच सुमारास शिवाजी महाराजांचे सावत्र बंधू व्यंकोजी यांनी तंजावर जिंकून घेतले. या दोन घटनांचा परस्परांशी कोणताही संबंध नव्हता. पुढे तीस वर्षांनी तो जडला. तंजावर राज्याच्या किनाऱ्यावर तरंगमबाडी, म्हणजे युरोपीयांचे ट्रांकेबार, हे बंदर नायक राजांच्या काळी, १६२० मध्ये, डेन्मार्ककडे गेले होते. डेन्मार्कचा राजा चौथा फ्रेडरिक याने तेथे धर्मोपदेशक पाठवावयाचे ठरविले आणि हालेच्या परंपरेत वाढलेले दोन तरुण जर्मन निवडले. बार्थोलोमेउस झीगेनबाल्ग आणि हाइन्रिख प्लुत्शाऊ ९ जुलै १७०६ रोजी तरंगमबाडीला उतरले. भारतातील प्रॉटेस्टंट मिशनचा हा आरंभ होय.

डेन्मार्कच्या व्यापाऱ्यांना हे पाहुणे नको होते. तेथील डॅनिश अधिकाऱ्याने झीगेनबाल्ग यांना सुमारे चार महिने तुरुंगातही ठेवले. तथापि त्यांनी तमिळ भाषा आत्मसात केली, मुद्रणालय आणविले, आणि १७१५ पर्यंत नवा करार तमिळमध्ये छापून पूर्ण केला. ल्यूथर यांनी जर्मन भाषेत केले ते त्यांच्या या अनुयायाने तमिळमध्ये केले. एवढेच नव्हे, तर दक्षिण भारतातील देवदेवतांविषयी त्यांनी एक मोठा ग्रंथ १७१३ मध्ये लिहून हालेला पाठविला. फ्रांके यांनी तो छापला नाही. धर्मोपदेशकांनी मूर्तिपूजा नष्ट करावी, तिची माहिती युरोपात पसरवू नये, अशी तेथील धारणा होती. तो ग्रंथ १८६७ मध्ये मद्रास येथे प्रसिद्ध झाला. तोवर झीगेनबाल्ग यांच्या निधनाला जवळजवळ दीडशे वर्षे लोटली होती.

तमिळमध्ये छापलेले हे शास्त्र ज्यांच्या हाती पडले त्यांत राजानायक्कन् नावाचे एक शिपाई होते. ते तंजावरच्या राजाच्या सैन्यात चाकरीला होते. जन्माने परैयर, म्हणजे अस्पृश्य मानल्या गेलेल्या जातीचे, आणि धर्माने कॅथॉलिक. छापील तमिळ शुभवर्तमान वाचून ते ल्यूथरपंथीय मंडळीत आले आणि पुढे तंजावर भागात उपदेशक म्हणून अनेक वर्षे त्यांनी काम केले. लोकभाषेतील शास्त्र सामान्य माणसाला काय देऊ शकते, याचे यापेक्षा उत्तम उदाहरण शोधूनही सापडणार नाही.

परंतु याच माणसाच्या बाबतीत सुधारणेची पहिली कसोटी लागली. १७३३ मध्ये तरंगमबाडीच्या मिशनने आरोन नावाच्या वेळ्ळाळ जातीच्या उपदेशकाला पाळकाची दीक्षा दिली. प्रॉटेस्टंट पंथाचे ते पहिले भारतीय पाळक होत. दुसरा पाळक नेमावयाची वेळ आली तेव्हा राजानायक्कन् यांचे नाव पुढे होते. १७४१ मध्ये दीक्षा मात्र दियोगो यांना देण्यात आली. परैयर पाळकाच्या हातून प्रभुभोजनाचा प्रसाद उच्च जातींचे ख्रिस्ती घेणार नाहीत, अशी मिशनला भीती होती. अंतःकरणाचा पालट हीच धर्माची खूण मानणाऱ्या पंथाने, ज्याच्या अंतःकरणाविषयी कोणालाही शंका नव्हती त्याला जातीमुळे मागे ठेवले. राजानायक्कन् १७७१ मध्ये निवर्तले, ते अखेरपर्यंत उपदेशकच राहिले.

येथे एक गोष्ट स्पष्ट केली पाहिजे. हा निर्णय घेणाऱ्यांना जातिभेद योग्य वाटत होता असे नाही. ल्यूथरपंथीय धर्मशास्त्रात एक विभाग असा आहे, की ज्यातील गोष्टींची शास्त्राने आज्ञाही केलेली नाही आणि त्यांना मनाईही केलेली नाही. वेश, गीते, सणांचे प्रकार यांची गणना त्यात होते. अशा बाबतींत लोकांवर सक्ती करू नये, असा त्या पंथाचा दंडक आहे. जात ही लौकिक रीत आहे, तिचा धर्माशी संबंध नाही, काळाच्या ओघात ती आपोआप शिथिल होईल, असे मानून मिशनने तिला या विभागात बसविले. देवळात वेळ्ळाळ एका बाजूला आणि परैयर दुसऱ्या बाजूला बसू लागले. प्रभुभोजन उच्च जातींना आधी आणि इतरांना मागाहून मिळू लागले. कॅथॉलिक मिशनांचा अनुभवही फारसा वेगळा नव्हता. १६०६ मध्ये मदुरैला आलेले जेझुइट रॉबेर्तो दे नोबिली यांनी जात ही सामाजिक रीत मानून संन्याशाचा वेश आणि आचार पत्करला. पुढे त्यांच्या पंथात उच्च आणि हीन जातींसाठी निरनिराळे उपदेशकही नेमले गेले.

अठराव्या शतकाच्या उत्तरार्धात या भक्तिपंथाचा तंजावरात मोठा सन्मान झाला तो ख्रिस्तिआन फ्रीडरिख श्वार्त्झ यांच्यामुळे. १७५० मध्ये ते हालेहून आले आणि १७९८ मध्ये तंजावरातच त्यांचे देहावसान झाले. तुळजाजी राजांनी मृत्यूपूर्वी आपला दत्तक पुत्र सरफोजी याला त्यांच्या हवाली केले होते. श्वार्त्झ यांनी त्याच्या शिक्षणाची आणि सुरक्षिततेची काळजी वाहिली. सरफोजी महाराज शैवच राहिले. सरस्वती महाल ग्रंथालयाची त्यांनी भरभराट केली आणि एकोणिसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात तंजावरात देवनागरी मुद्रणालय काढून मराठी पुस्तके छापविली. आपल्या गुरूचे स्मरण म्हणून इंग्लंडमधील फ्लॅक्समन या शिल्पकाराकडून त्यांनी संगमरवरी स्मारक करवून घेतले. ते तंजावरच्या चर्चमध्ये आजही आहे. मृत्युशय्येवरील गुरूचा हात हाती घेतलेला राजा त्यात दिसतो. धर्मांतराशिवायही दोन धर्मांचे माणसे किती जवळ येऊ शकतात, याची ती साक्ष आहे.

श्वार्त्झ यांचा दुसरा शिष्य म्हणजे वेदनायकम् शास्त्री. त्यांचा जन्म १७७४ मध्ये तिरुनेलवेली भागात एका वेळ्ळाळ ख्रिस्ती कुटुंबात झाला. लहानपणीच ते श्वार्त्झ यांच्यासमवेत तंजावरला आले. तमिळ छंद, कर्नाटक संगीत आणि कुरवंजीसारखे लोकप्रिय नाट्यप्रकार यांत त्यांनी ख्रिस्ती विषय आणला. त्यांचे ‘बेथलेहेम कुरवंजी’ प्रसिद्ध आहे. तमिळ ख्रिस्ती मंडळी त्यांची गीते आजही गातात.

१८२५ च्या सुमारास तंजावरचे मिशन इंग्लंडच्या अँग्लिकन संस्थेकडे गेले आणि परिस्थिती पालटली. इंग्लंडमध्ये वेस्ली यांच्या मेथडिस्ट चळवळीने आणि तिच्यापाठोपाठच्या जागृतीने, धर्मश्रद्धा समाजाच्या व्यवहारात दिसलीच पाहिजे, असा आग्रह निर्माण केला होता. गुलामगिरीविरुद्धचा लढा त्याच आग्रहातून बळावला. त्या वातावरणात वाढलेल्या नव्या धर्मोपदेशकांना तंजावरच्या चर्चमधील वेगळ्या जागा सहन होण्यासारख्या नव्हत्या. त्यांनी सर्वांनी एकत्र बसावे असा नियम केला. परंतु तेवढ्यावर ते थांबले नाहीत. चर्चमध्ये गायिली जाणारी तमिळ गीते त्यांना खटकली, सणांना वाहिली जाणारी फुले खटकली, आणि लोकांच्या जिभेवर रुळलेले फाब्रिसियस यांचे बायबल-भाषांतर बाजूला सारून नवे भाषांतर आणण्याचा प्रयत्न झाला.

शास्त्री यांनी १८२९ च्या सुमारास या सर्वांविरुद्ध लेखणी उचलली. भाषांतर बदलणे, जाती एकत्र बसविणे, फुले बंद करणे आणि तमिळ संगीत काढून टाकणे, ही चारही कृत्ये त्यांनी एकाच पंक्तीला बसवून त्यांना जुलूम म्हटले. परदेशी उपदेशक आपल्या देशाच्या रीती धर्म म्हणून लादत आहेत, असा त्यांचा आक्षेप होता. चर्चमधून दुरावलेल्या या कवीला सरफोजी महाराजांनी आश्रय दिला. शैव राजाच्या दरबारी ख्रिस्ती कवी आपली ख्रिस्ती काव्ये गात असे, हे दृश्य त्या काळाच्या औदार्याचे द्योतक आहे.

१८३३ मध्ये कलकत्त्याचे बिशप डॅनिएल विल्सन यांनी परिपत्रक काढून दक्षिणेतील मंडळ्यांना जातिभेद तत्काळ सोडण्याची आज्ञा केली. मद्रास आणि तंजावर येथील अनेक उच्चवर्णीय ख्रिस्ती चर्च सोडून गेले. १८४० नंतर जर्मनीहून आलेल्या ल्यूथरपंथीय मिशनने, जे पुढे लाइप्झिग मिशन म्हणून ओळखले गेले, त्यांपैकी पुष्कळांना आपल्यात घेतले. या मिशनचे संचालक आणि तमिळचे व्यासंगी कार्ल ग्राउल यांनी जात ही लौकिक बाब असल्याची जुनीच भूमिका मांडली. १८५० मध्ये मद्रासला जमलेल्या मिशनरींनी जातिभेदाचा एकमुखाने निषेध केला, तेव्हा लाइप्झिगचे लोक त्यात सामील झाले नाहीत. अशा रीतीने एकाच धर्मसुधारणेच्या दोन शाखा कावेरीकाठी पंक्तिभेदाच्या प्रश्नावरून परस्परांविरुद्ध उभ्या राहिल्या.

या वादात कोणाची बाजू खरी होती? नव्या उपदेशकांची, असे उत्तर चटकन सुचते, आणि जागांच्या बाबतीत ते बरोबरही आहे. राजानायक्कन् यांचे उदाहरण समोर असता जात ही फुलांसारखी निरुपद्रवी रीत होती असे म्हणता येणार नाही. फुलामुळे कोणाची दीक्षा अडत नाही. तथापि याच उपदेशकांनी संगीत आणि फुले यांनाही जातीच्या गाठोड्यात बांधले. त्यामुळे शास्त्री यांना उलट बाजूने तेच गाठोडे उचलून धरणे सोपे झाले. एका पक्षाने तमिळपणाबरोबर जात टाकावयास सांगितली, दुसऱ्याने जातीसह तमिळपण राखावयास सांगितले. दोन्ही पक्षांची चूक एकच होती. लोकांची भाषा, गाणे आणि सण हा धर्माचा देशी साज आहे. माणसाला पंक्तीतून उठविणे हा साज नव्हे, तो अन्याय आहे. सुधारणा म्हणजे या दोहोंतील भेद ओळखणे. आणि या वादाची बरीच कागदपत्रे मिशनरींची व उच्चवर्णीयांची आहेत. ज्यांना वेगळे बसविले गेले त्यांचे मत कोणी क्वचितच विचारले.

हा भेद करणे शक्य होते, याचे उदाहरण महाराष्ट्रात सापडते. नारायण वामन टिळक यांनी १८९५ मध्ये ख्रिस्ती धर्म स्वीकारला. भजन, कीर्तन आणि अभंग ही वारकऱ्यांची लेणी त्यांनी अहमदनगरच्या मंडळीत आणली. १९१७ मध्ये त्यांनी ‘देवाचा दरबार’ ही मंडळी स्थापन केली, तीत बाप्तिस्मा घेतलेल्यांप्रमाणेच न घेतलेल्यांनाही स्थान होते. चित्पावन ब्राह्मण कुळात जन्मलेल्या या कवीने साज ठेवला आणि सोवळे टाकले. जे तंजावरात दोन पक्षांना जमले नाही ते येथे एका माणसाने केले.

पुढील इतिहास थोडक्यात असा. १९१९ मध्ये लाइप्झिग आणि स्वीडिश मिशनच्या कार्यातून तमिळ इव्हँजेलिकल ल्यूथरन चर्च हे स्वतंत्र चर्च स्थापन झाले. १९४७ मध्ये अँग्लिकन, मेथडिस्ट आणि इतर काही पंथ एकत्र येऊन दक्षिण भारतीय चर्च बनले. युरोपात जे पंथ शतकानुशतके एकमेकांपासून दूर राहिले ते येथे एकत्र आले, ही भारताने धर्मसुधारणेला घातलेली मोलाची भर होय. वेगळ्या जागांचा प्रश्न मात्र एवढ्याने मिटला नाही. अनुसूचित जातींविषयीच्या १९५० च्या आदेशात प्रथम मुख्यतः हिंदूंचा समावेश होता. १९५६ मध्ये शीख आणि १९९० मध्ये बौद्ध त्यात आले, ख्रिस्ती दलित बाहेरच राहिले. धर्मात जात नाही, म्हणून सवलत नाही, असे राज्य सांगते, आणि चर्चमध्ये व दफनभूमीत जात त्यांचा पाठलाग करते. या दुहेरी कोंडीतून १९८० नंतर दलित ख्रिस्ती धर्मविचार पुढे आला. त्याचे एक आद्य प्रवर्तक अरविंद निर्मल यांनी मद्रासच्या गुरुकुल ल्यूथरन महाविद्यालयात या विषयाचे अध्यापन केले. जे प्रश्न राजानायक्कन् यांच्या वतीने कोणी विचारले नाहीत, ते आता त्यांच्याच समाजातील माणसे ल्यूथरपंथाच्याच विद्यापीठात विचारू लागली.

सुधारणेच्या उगमाशी तीन प्रश्न होते. अधिकार कोणाचा, सभासद कोण, अंतःकरण पालटले काय? कावेरीच्या काठाने त्यांत चौथ्याची भर घातली. शेजारी कोण बसले आहे? पहिल्या तिन्ही प्रश्नांची उत्तरे ग्रंथातून देता येतात. चौथ्याचे उत्तर देवळात गेल्यावर, बसावयाची जागा पाहूनच मिळते. दारासुरम् येथील शिल्पपटांत त्रेसष्ट संत एकाच रांगेत कोरलेले आहेत. दगडात ती पंक्ती आठशे वर्षांपूर्वीच साधली. जिवंत माणसांच्या पंक्तीत ती आणणे, हे कोणत्याही धर्माच्या सुधारणेचे अजून शिल्लक राहिलेले काम आहे.